ब्रिटिशकालीन गोटी

‘ब्रिटिशकालीन’ या शब्दावर सरकारने ताबडतोब बंदी घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अगदीच बंदी जमत नसेल, तर निदान रेशनिंग करावे. दर माणशी वर्षाला दोन वापर. एक एखाद्या पुलासाठी आणि एक घरातल्या बंद पडलेल्या घड्याळासाठी. तिसऱ्यांदा कोणी हा शब्द उच्चारला, तर त्याला संध्याकाळी साडेसहाला मुलुंड स्टेशनच्या पुलावर गर्दीच्या उलट दिशेने चालायला लावावे.

तुम्ही म्हणाल, हा माणूस एका शब्दावर एवढा का चिडलाय? सांगतो. आमच्या उपनगरात दोन प्रकारच्या वस्तू ब्रिटिशकालीन असतात. एक म्हणजे जी चालत नाही ती, आणि दुसरी म्हणजे जी विकायची आहे ती. आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप बिघडला की सेक्रेटरी मान हलवत म्हणतात, “काय करणार, ब्रिटिशकालीन पंप!” इमारत १९८३ची. म्हणजे इंग्रज जाताना एक पंप मुलुंडात विसरून गेले आणि आम्ही छत्तीस वर्षांनी त्याच्या भोवती इमारत बांधली, असे समजायचे. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा काही भाग रुळांवर कोसळला. तेव्हा लोकलमध्ये माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ उसासा टाकून म्हणाले, “शेवटी ब्रिटिशांचाच तो. किती दिवस टिकणार?” पूल १९७५चा. तेव्हा इंग्रजांना जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती आणि मी कॉलेजात नापास होत होतो. पण मी गप्प बसलो. चौथ्या सीटवर बसलेल्या माणसाला मत नसते.

हे सगळे मी सोसले. पण ज्या दिवशी हा शब्द येऊन गोट्यांना चिकटला, त्या दिवशी माझा संयम सुटला.

मी गोट्या जमवतो. हे वाक्य लिहायला सोपे आहे, चारचौघांत म्हणायला फार अवघड. मराठी भाषेने या खेळावर फार अन्याय केलेला आहे. पत्ते पिसणारा माणूस रसिक, बुद्धिबळ खेळणारा विचारवंत, पण कामचुकार माणूस मात्र ‘गोट्या खेळत बसलेला’ असतो. चौतीस वर्षे बँकेत इमानाने नोकरी करून मी निवृत्त झालो. निरोपसमारंभात साहेबांनी विचारले, “आता पुढे काय करणार?” मी भाबडेपणाने म्हणालो, “गोट्या.” साहेब म्हणाले, “ते झालं हो. पण आता काहीतरी वेगळं करा ना!” त्या दिवशी हारातल्या झेंडूपेक्षा माझा चेहरा जास्त उतरला होता.

घरीही परिस्थिती फारशी वेगळी नाही. “अहो, निवृत्त झाल्यावर माणसं ज्ञानेश्वरी वाचतात, नर्मदा परिक्रमा करतात,” असे आमच्या सौभाग्यवती दर एकादशीला सांगतात. मी त्यांना पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयाचा दाखला देतो. दिनकर केळकरांनी दिवे जमवले, अडकित्ते जमवले. लोक आज तिकीट काढून ते बघायला जातात. अडकित्ते जमवले तर संग्रहालय आणि गोट्या जमवल्या तर पसारा, हा कुठला न्याय? यावर आमच्या घरातला निकाल ठरलेला आहे : “अडकित्ते पायाखाली येत नाहीत.” गेल्या दिवाळीत माझ्या दोन उत्तम जर्मन गोट्या बैठकीतल्या मनीप्लांटच्या बाटलीत तळाला सापडल्या. शोभेसाठी घातल्या होत्या. शंभराहून जास्त वर्षांच्या त्या दोन म्हाताऱ्या चार महिने पाण्यात बसून होत्या आणि मनीप्लांटला एक पानसुद्धा जास्त फुटले नव्हते.

आता ‘शंभराहून जास्त वर्षांच्या’ हे मी कशावरून म्हणतो, ते सांगायला हवे. कारण माझे भांडण नेमके तिथेच आहे. वय सांगणाऱ्याने पुरावा दिला पाहिजे. माणसांना जन्माचा दाखला मागतात, मग गोटीने काय घोडे मारले आहे?

गोटी हातात घेतली की मी प्रथम तिची बेंबी शोधतो. हसू नका. जर्मनीत थुरिंगियाच्या डोंगरात लाउशा म्हणून काचकामाचे एक गाव आहे. तिथे १८४६च्या सुमारास एका काचवाल्याने एक कात्री काढली. कात्रीच्या एका टोकाला वाटीसारखा खळगा. आधी काचेची लांब कांडी करायची, तिच्या आत रंगीत धागे घालून तिला पीळ द्यायचा, टोक भट्टीत तापवायचे, मऊ झालेले टोक त्या वाटीत धरून गोल गोल फिरवायचे आणि शेवटी कापून घ्यायचे. जिथे कापले तिथे खूण राहते. गोटीच्या दोन टोकांना थोडासा खडबडीतपणा, कधी घासून सपाट केलेला ठिपका. ही बेंबी. जिला बेंबी आहे, ती कोणाच्या तरी हातून जन्मली आहे. तिच्यासाठी कोणीतरी भट्टीपुढे घाम गाळलेला आहे.

मग यंत्र आले. अमेरिकेत ओहायो राज्यात ॲक्रन नावाच्या गावी मार्टिन क्रिस्टेन्सेन या माणसाने गोल वस्तू करायचे यंत्र शोधले. त्याचे पेटंट १९०५चे. खोबणी असलेले रूळ फिरत असतात, त्यांच्यावर तापलेल्या काचेचा गोळा पडतो आणि घरंगळत घरंगळत गोल होऊन थंड होतो. सुरुवातीला भट्टीतून काच माणूसच सळईवर उचलून आणी आणि सोडी. त्यामुळे त्या पहिल्या गोट्यांच्या एका टोकाला इंग्रजी नऊच्या आकड्यासारखी वळी दिसते आणि दुसऱ्या टोकाला शेपटी. पुढे काचेची धारच आपोआप पडू लागली आणि आपोआप तुटू लागली. तेव्हा नऊचा आकडाही गेला. राहिली फक्त एक पुसटशी शिवण, तीसुद्धा भिंगातून पाहिली तर.

पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला आणि अमेरिकन यंत्रांचे फावले. ॲक्रो ॲगेट नावाची कंपनी १९१४मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली आणि पुढे गोट्यांची सम्राज्ञी झाली. तिच्या गोट्यांत दोन-तीन रंग एकमेकांना न भेटता बुचाच्या स्क्रूसारखे वळत या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. एकाच घरात राहून आयुष्यभर एकमेकांशी न बोलणाऱ्या जावांसारखे. ही कंपनी १९५१मध्ये बंद पडली. का? तर त्याच सुमारास जपानने एक नवी गोटी बाजारात आणली. पारदर्शक काच आणि आत रंगीत पाकळ्या. जगात तिला मांजराचा डोळा म्हणतात. आम्ही पोरे तिला ‘फुलाची गोटी’ म्हणत असू. तुम्ही लहानपणी खेळलेली, तुमच्या मुलांनी खेळलेली आणि आजही किलोवर मिळते ती हीच. म्हणून नियम सोपा : आत पाकळी दिसली की साल १९५०च्या अलीकडचे. तिथे अपील नाही.

आता या सगळ्या हकिगतीत इंग्रज कुठे दिसला का तुम्हाला? जर्मन आला, अमेरिकन आला, जपानी आला. आपल्याकडे महायुद्धाआधी काचसामान मुख्यतः ऑस्ट्रिया-जर्मनीहून येई आणि युद्धात ती जागा जपानने घेतली. नंतर फिरोझाबादच्या भट्ट्यांनी बांगड्यांबरोबर गोट्याही पुरवल्या. साहेबाचा संबंध आला तो एका बाटलीपुरता. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२मध्ये गोटीच्या सोड्याच्या बाटलीचे पेटंट घेतले. आतल्या वायूने गोटी वर ढकलायची आणि ती तोंडातल्या रबरी कड्यावर घट्ट बसायची. दुकानदार लाकडी ठोकळ्याने अंगठा दाबल्यासारखे करी, ‘फट्’ आवाज होई आणि उन्हाळा क्षणभर बरा वाटे. फुटक्या बाटलीतली ती गोटी मिळावी म्हणून आम्ही सोडावाल्याच्या दुकानासमोर गिधाडासारखे बसत असू. ती साधी, हिरवट, आत काही नाही. तेवढीच एक गोटी इंग्रजांच्या नावावर जमा करायला माझी हरकत नाही, कारण त्यांनी आपल्याकडून नेले त्या मानाने ती फारच लहान आहे.

पण नाही. ‘ब्रिटिशकालीन’वाल्यांकडे पुराव्यांचे स्वतंत्र शास्त्र आहे. ते ऐका.

पुरावा पहिला : “आत बुडबुडे आहेत, म्हणजे जुनी.” अहो, बुडबुडे काच नीट न वितळल्याने येतात. घाई इंग्रजांच्या काळातही होती आणि आजही आहे.

पुरावा दुसरा : “हिरवट झाक आहे, काळाने आली.” काळाने माणसाला झाक येते, काचेला नाही. वाळूत लोखंडाचा अंश असला की काच हिरवट होते. ती जन्मतःच हिरवट असते.

पुरावा तिसरा : “वजन बघा वजन! आताच्या गोट्यांत दम नाही.” काच ही काच. १६ मिलिमीटरची गोटी सव्वापाच-साडेपाच ग्रॅम भरते, १९२०ची भरा नाहीतर २०२०ची. किंमत ऐकल्यानंतर जी जड लागते, ती गोटी नसून किंमत असते.

पुरावा चौथा सगळ्यात आधुनिक : दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा. त्याखाली गोटी हिरवीगार चमकली की ती पुरातन. काचेत युरेनियमचा अंश असेल तर ती अशी चमकते, हे खरे. पण तशी काच आजही करतात, आणि काचेत मँगनीज असले तरी फिकट हिरवी चमक येते. म्हणजे दिवा गोटीत काय आहे याची थोडीफार खबर देतो, केव्हाची आहे ते सांगत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दिव्याखाली मी पंचवीस गोट्या तपासल्या, तेव्हा मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी “काका, दवाखाना पलीकडे आहे,” असे सांगितले होते.

आणि गिऱ्हाईक मराठी असेल, तर पाचवा पुरावा निघतो : “ही टिळकांच्या पैसा फंडातली!” तळेगावचा पैसा फंड काचकारखाना १९०८चा. लोकांनी एकेक पैसा देऊन उभा केलेला. ओगल्यांचा कारखाना १९१६चा. त्यांच्या प्रभाकर कंदिलाखाली महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी अभ्यास केला. हा इतिहास इतका खरा आणि इतका मोठा आहे, की त्याच्या नावावर खोट्या गोट्या खपवणाऱ्याला कंदील धरूनच शोधायला हवे.

तर अशा एका ब्रिटिशकालीन संग्राहकाची आणि माझी गाठ अंधेरीला पडली. एका स्नेह्याने पत्ता दिला. मुलुंडहून घाटकोपर, घाटकोपरहून मेट्रो. २०१४मध्ये ही मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपर ते अंधेरी हा प्रवास इतका सुखाचा झाला आहे, की भांडायला जाणारा माणूस ताजातवाना पोचतो.

गृहस्थ सज्जन होते. चहा आला, खारी आली आणि मग मखमली पेटी आली. प्रत्येक गोटीला स्वतंत्र खळगा. त्यांनी एक पांढरीशुभ्र गोटी उचलली, तिच्यावर लाल पट्टा वळत गेला होता. “अठराशे नव्वद,” ते हलक्या आवाजात म्हणाले. देव्हाऱ्यापुढे बोलतात तसे. “इंग्लंड. मशीनमेड. दोन हजार.”

मी भिंग काढले. बेंबी नाही. पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत स्क्रूसारखा. माझ्या छातीत धडधडू लागले. “साहेब,” मी म्हणालो, “अहो, ही फार सुंदर गोटी आहे! अस्सल आहे! पण अठराशे नव्वद नाही. गोट्या करायच्या यंत्राचं पेटंटच पंधरा वर्षांनंतरचं. ही अमेरिकन वळणाची आहे, एकोणीसशे वीस ते पन्नासच्या मधली.”

त्यांचा चेहरा पडला. “अमेरिकन?”

“हो! आनंद माना.”

“अमेरिकन कोण घेणार हो? गिऱ्हाईक ब्रिटिश मागतं.”

पुढचा पाऊण तास मी जे बोललो, ते माझ्या आयुष्यातले सर्वोत्कृष्ट भाषण होते. वस्तूवर प्रेम असेल तर तिचे वय चोरू नये, तिला नसलेले आईबाप चिकटवू नयेत, गोटी कुठल्या भट्टीत जन्मली हे न विचारता तिला राणीच्या राज्यात दत्तक देणे हा गोटीचा अपमान आहे, वगैरे. बँकेत चौतीस वर्षांत कोणी माझे इतका वेळ ऐकले नव्हते. गृहस्थ शांतपणे खारी खात होते. शेवटी मी विजयी मुद्रेने खिशातून सोनाराची छोटी डबी काढली. कापसात गुंडाळलेली गोटी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणालो, “आता ही बघा. हिला म्हणतात खरी जुनी गोटी. माझ्या वडिलांनी, नानांनी, एकोणीसशे पस्तीस साली गिरगावच्या चाळीत दहाव्या वर्षी एका पारशी मुलाकडून जिंकलेली. जर्मन.”

त्यांनी माझेच भिंग घेतले. गोटी उजेडाकडे धरली. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग अत्यंत नम्रपणे म्हणाले, “साहेब, मघाशी तुम्ही काय म्हणालात? आत पाकळी दिसली की साल...?”

मी गोटी हातात घेतली. निळी पाकळी. स्वच्छ, ठसठशीत, चहाच्या कपाइतकी उघड. बेंबीचा पत्ता नाही.

तुम्हाला खोटे वाटेल, पण ती गोटी मी साठ वर्षे बघत आलो होतो. चारशे गोट्यांना भिंग लावले, हिला कधी लावले नाही. आपल्या आईचा जन्मदाखला कोणी तपासतो का? ती बघताना मला गोटी दिसतच नसे, नाना दिसत. पाकळ्या दिसल्या असतील, पण मी त्यांना ‘जर्मन धागे’ म्हणून मोकळा झालो असेन. थोडक्यात, मी तेच केले होते, ज्यासाठी समोरच्या सज्जनाला पाऊण तास झोडपले होते. त्यांनी माझ्यापुढे खारीची बशी सरकवली. एवढी बोचरी खारी मी आयुष्यात खाल्ली नाही.

अंधेरीहून मी घरी गेलो नाही. बोरिवलीची गाडी पकडली. बोरिवलीला माझी अक्का असते. सहा वर्षांनी मोठी. आमच्या घराण्याचे दप्तर तिच्या डोक्यात आहे. वाटेत माझ्या मनात नको नको ते येत होते. नाना खोटे बोलले? ज्या माणसाने ऑफिसातली टाचणी घरी आणली नाही, त्याने मुलाला खोट्या गोटीची खोटी गोष्ट सांगितली?

अक्काने दार उघडले आणि माझा चेहरा बघून विचारले, “काय रे, कोणी गेलं का?”

मी डबी पुढे केली. “अक्का, ही गोटी नानांची नाही.”

तिने डबीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ती चक्क हसू लागली. “एवढ्या वर्षांनी कळलं होय तुला? बस. पाणी पी आधी.”

मग तिने जे सांगितले ते असे. १९६३. आम्ही घाटकोपरला चाळीत राहत होतो. मी सात वर्षांचा. नानांच्या पेटीतली त्यांची गोटी मी न विचारता उचलली आणि चाळीमागच्या मैदानात खेळायला नेली. पोरांनी टाचेने माती उकरून गल केलेली होती. पावसाचे दिवस. माझा नेम चुकला, गोटी घरंगळली आणि थेट नाल्यात गेली. अक्का तिथे होती. तिने फ्रॉक वर खोचून हात घालून पाहिला, पण सापडली नाही. मी रडून रडून अंगात ताप आणला आणि कोणाला काही सांगायचे नाही, अशी तिला देवाची शपथ घातली.

“मग?”

“मग काय! संध्याकाळी नाना आले. मी शपथ मोडली. ते काही बोलले नाहीत. छत्री घेतली आणि परत बाहेर गेले. स्टेशनजवळच्या दुकानातून पाच पैशांची गोटी आणली. तुझ्या उशाशी बसले आणि म्हणाले, नाल्यात हात घालून काढली बघ, होती तिथेच होती. तू त्यांचा हात हुंगलास. म्हणालास, साबणाचा वास येतोय. तर म्हणाले, धुवून आलो.”

“आणि खरी गोटी कशी होती?”

“मला काय माहीत? आत पिवळा-तांबडा पीळ होता एवढं आठवतं. पण नाना त्यानंतर तिच्याबद्दल कधी बोललेच नाहीत. उलट तू कोणालाही ही गोटी दाखवून ‘नानांची, गिरगावची’ म्हणायला लागलास की ते पेपर तोंडासमोर धरायचे.”

ते मला आठवले. नाना पेपर वाचत आहेत आणि पेपर थोडा हलतो आहे. मी इतकी वर्षे समजत होतो, की त्यांना त्या गिरगावच्या विजयाचा संकोच वाटतो.

आता तुम्हीच सांगा. समजा, मी भिंग लावलेच नसते. समजा, त्या अंधेरीकर गृहस्थांनी मोठ्या मनाने ‘वा, जर्मन!’ म्हणून मला परत पाठवले असते. तर माझ्याकडे काय राहिले असते? पारशी मुलाकडून जिंकलेली एक गोटी. अशा बढाया प्रत्येक चाळीत पाच-पंचवीस मिळतात. पण पावसात छत्री घेऊन, दिवसभराच्या नोकरीनंतर, स्वतःच्या बालपणाची एकुलती एक वस्तू गेल्याबद्दल चकार शब्द न काढता, पोराच्या तापासाठी पाच पैशांची गोटी आणायला गेलेले नाना मला कधीच भेटले नसते. ते मला भेटले त्या पाकळीमुळे. १९५०च्या आधी असूच न शकणाऱ्या पाकळीमुळे.

म्हणून माझे म्हणणे आहे, की वस्तूंना खोटी वये लावू नका. दहा-वीस वर्षांनी काय बिघडते, असे म्हणू नका. त्या दहा-वीस वर्षांतच आपली माणसे राहत असतात. सगळ्याच वस्तूंवर ‘ब्रिटिशकालीन’ची पाटी ठोकली, तर त्यांच्या मागची घाटकोपरची चाळ, स्टेशनजवळचे दुकान, सोडावाला आणि फिरोझाबादचा काचवाला हे सगळे त्या पाटीखाली झाकले जातात आणि वर फक्त राणी दिसते. राणीला आपल्या गोट्यांची काही पडलेली नव्हती हो!

घरी आल्यावर मी त्या गोटीची चिठ्ठी बदलली. ‘जर्मन, १९३५’ खोडले. लिहिले : ‘फुलाची गोटी. यंत्रावरची. घाटकोपर, १९६३. किंमत पाच पैसे.’ सौ.ना सगळी हकिगत सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मनीप्लांटची बाटली धुवून त्यांनी माझ्या उरलेल्या तीन गोट्या आपण होऊन परत केल्या. त्या तिथे आहेत हे मला ठाऊकच नव्हते.

आता एकच लढाई शिल्लक आहे. जुन्या गोट्यांवर नखाने कोरल्यासारख्या बारीक चंद्रकोरी असतात. टोला बसला की उमटतात. संग्राहक त्यांना डाग म्हणतात, काही शहाणे तर गोटी घासून गुळगुळीत करून घेतात आणि तिची किंमत घालवून बसतात. मला विचाराल तर ती गोटी खेळली गेल्याची सही आहे. माझ्या सात वर्षांच्या नातवाला मी गोट्या दिल्या तेव्हा लक्षात आले, की अशी सही यापुढे उमटणारच नाही. आमच्या सोसायटीच्या आवारात इंचभर माती नाही. कुंपणापासून कुंपणापर्यंत सिमेंटचे ब्लॉक. गल करायला टाच टेकवावी तर टाचच उलते. गोटी टाकली की ती उतारावरून सरळ गटाराच्या जाळीत जाते. आणि मी काही छत्री घेऊन दर वेळी दुकानात जाणार नाही. आता पाच पैशांत काही येत नाही.

म्हणून गेल्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला, की आवारातल्या नारळाखालचे दहा ब्लॉक काढून तिथे माती मोकळी करावी. गाड्या लावण्यावरून दीड तास झालेल्या हाणामारीनंतर माझा विषय आला. सेक्रेटरींनी चष्मा काढला.

“काका, ब्लॉक काढता येणार नाहीत. फार जुने आहेत, आजूबाजूचे पण उखडतील.”

“जुने म्हणजे किती जुने?” मी विचारले.

“अहो, किती म्हणजे... ब्रिटिशकालीनच समजा.”

मी उठलो. सभा शांत झाली. मी खिशातून भिंग काढले आणि म्हणालो, “चला खाली.”